पंख्यातलं खोबरेल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात विषय निघाला की उठून अंगणात जायचो. मासेमारी सोसायटीतली जुनी माणसं अजूनही म्हणतात, की ऑफिसचा पहिला कॉम्प्युटर तांडेलांनी जाळला. ते खरं नाही, हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

मी शाळामास्तर. निवृत्तीनंतर मुरुडजवळच्या आमच्या गावच्या सोसायटीत कागदपत्रं बघायला बसू लागलो. होड्यांचे परवाने, खलाशांचे विमे, सगळं त्या एका कॉम्प्युटरवर होतं. खिडकीबाहेर वाळत घातलेले बोंबील, समोर समुद्र. टेबलावर दर दोन दिवसांनी खारट, चिकट थर बसायचा. कॉम्प्युटरच्या आत काय बसत असेल, हा विचार मी कधी केला नाही.

एका पावसाळ्यानंतर त्याचा आवाज सुरू झाला. सकाळी बटण दाबलं की खर्र, खर्र, मग एक लांब घरघर. अर्ध्या तासाने कमी व्हायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा. कोणीतरी सांगितलं होतं, की असा आवाज आला म्हणजे हार्डडिस्क चालली. म्हणजे गावातल्या प्रत्येक होडीचा कागद गेला. मी कॅबिनेटवर थापट्या मारल्या, खाली पुठ्ठा घातला, जागा बदलली. आवाज तसाच.

तेव्हा तांडेल परवान्याच्या कामासाठी आले. चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस. गुडघा गेला होता, होडीवर चढताना दोघांनी हात द्यावा लागायचा. सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यावर यंत्र सांभाळायला माणूस हवा होता आणि ती जागा त्यांना मिळणार, असं जवळजवळ ठरलं होतं. ते दारातच थांबले.

"गुरुजी, मशीन आजारी हाय तुमचा."

"कॉम्प्युटर आहे तांडेल, होडीचं इंजिन नाही," मी म्हणालो.

"फिरतंय ना काय तरी आत? मग झाला."

त्यांनी पिशवीतून वीतभर लांबीचा लाकडाचा तुकडा काढला. जुन्या वल्ह्याचा होता, हाताळून गुळगुळीत झालेला. इंजिन ऐकायला ते तो वापरत. एक टोक कॅबिनेटला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. मला हसू येत होतं. ते आधी खाली पुढच्या बाजूला ऐकत राहिले, मग मधोमध, मग मागे वरच्या कोपऱ्यात. तिथे थांबले.

"आता बंद करा."

मी बंद केला. घरघर हळूहळू मंदावली, एकेक खरखर सुटी होत गेली आणि थांबली. बैलगाडी उभी राहताना शेवटचे दोन-तीन आचके देते, तशी.

"पुढं खाली फिरतंय तो तुमच्या कागदांचा डबा असंल, ना? तो बरा हाय. मधला पंखा पण बरा. जिथून वीज येते ती मागची पेटी, तिच्यातल्या पंख्याचा आस सुकलाय. खाऱ्या हवेनं. शिवाय एक बारीक गुणगुण हाय, ती विजेची. ती राहू दे, ती नाय कोणाला खात."

त्या पेटीला पॉवर सप्लाय म्हणतात, हे त्यांना माहीत नव्हतं. कॉम्प्युटर आतून त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. पुढे मुरुडचा दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण काढलं, आणि प्रत्येक गोष्ट तांडेलांनी सांगितली त्याच जागी निघाली. मी आयुष्यभर मुलांना 'लक्ष द्या' म्हणत आलो. लक्ष देणं म्हणजे काय असतं, ते त्या दिवशी दिसलं.

जाताना ते म्हणाले, "पंखा बदलून घ्या, मुरुडला मिलेल. तोवर द्यायचाच तर शिवणमशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको हां गुरुजी. थंडीत गोठतं."

मी "हो हो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी कमिटीची सभा होती आणि त्या घरघरीची मला लाज वाटत होती. शिवणमशीनचं तेल आणायला बाजारापर्यंत जावं लागलं असतं. ऑफिसातच देवाच्या फळीवर दिव्यासाठी घरच्या नारळांचं खोबरेल ठेवलेलं होतं. शिवाय मनात हेही होतं, की तांडेल मला काय शिकवणार! वायर काढून मी मागच्या जाळीतून पंख्याच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद ब्लेडने उचलला आणि आसावर खोबरेलाचे चांगले पाच-सहा थेंब सोडले. आवाज गेला. सभेत अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर इंजिनियर निघालात." मी नाही म्हणालो नाही.

पौषातली एक सकाळ. बाटलीतलं खोबरेल पांढरं घट्ट झालं होतं, ते बघूनही मला काही सुचलं नाही. कॉम्प्युटर लावला. इतका शांत तो कधीच नव्हता. मी खूश होऊन चहा मागवला. चहा संपायच्या आत आतून फट्ट आवाज झाला, पडदा काळा पडला आणि खोबरं करपल्याचा वास खोलीभर पसरला.

दुरुस्तीवाला म्हणाला, "पंख्यात कोणीतरी तेल ओतलंय. पंखा फिरलाच नाही." कागद वाचले होते, पेटी मात्र जळाली होती. सभेतलं कौतुक विसरून अध्यक्षांनी विचारलं, "कोणी हात लावला होता?"

मी म्हणालो, "तांडेल बघून गेले होते."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता.

दुपारी तांडेल आले. दारातच थांबून त्यांनी एकदा हवा हुंगली. मग देवाच्या फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळे हसत होते. कोणीतरी म्हणालं, "याच्या हाती बर्फाचा कारखाना दिला तर बर्फाला पण आग लावंल!" त्यांनी एका शब्दाने सांगितलं असतं तरी सुटले असते. ते फक्त म्हणाले, "येतो, गुरुजी."

कारखान्याची जागा दुसऱ्याला मिळाली. तांडेल तो गुडघा घेऊन आणखी तीन हंगाम समुद्रावर गेले.

एकदा मनाचा हिय्या करून मी कोळीवाड्यात गेलो. ते किनाऱ्याला लागलेल्या होडीत चालू इंजिनाशी बसले होते. मला वर घेतलं आणि तो लाकडाचा तुकडा माझ्या कानाला लावला.

"ऐका."

आधी नुसता गोंगाट. मग त्यांनी दुसरं टोक बोटभर सरकवलं आणि गोंगाट फुटून वेगळा झाला. इथे ठोके, तिथे पाणी, त्याच्याही खाली काहीतरी कापडासारखं घासणारं. एवढं सगळं एका लोखंडात चाललेलं असतं आणि आपल्याला फक्त धडधड ऐकू येते! मी श्वास रोखून ऐकत राहिलो. कशासाठी आलो होतो ते विसरलो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. विसरलो नव्हतो. शब्द ओठांवर होते.

"आता कळला कोण बोलतो ते?" त्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हणालो. आणि खाली उतरलो.

गेल्या वर्षी ते गेले. त्या दिवशी होडीत म्हणायचं राहिलं ते एवढंच होतं:

तांडेल, तेल मी घातलं. खोबरेल. तुम्ही नको म्हणाला होतात तरी घातलं, आणि नाव तुमचं पुढे केलं. तुम्हाला ते वासावरून कळलं होतं, हेही मला ठाऊक होतं. मला माफ करा.