मागचं बघायला गार्ड असतो

चौतीस वर्षं मी मालगाड्या चालवल्या आणि त्यातल्या एकीलाही स्टिअरिंग नव्हतं.

हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि रुळांचा किती, ते ज्याचं त्याला ठरवता येईल. रुळांवरच्या गाडीला वळवावं लागत नाही, तीच वळते. समोर म्हैस आडवी बसली तर हॉर्न वाजवायचा, ब्रेक लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. मागे काय चाललंय ते तर बघायचंच नाही, कारण मागे शेवटच्या डब्यात गार्ड असतो. (आता त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलंय म्हणे. आमच्यासाठी तो गार्डच!) पुढचं ड्रायव्हरने बघायचं, मागचं गार्डने. संसारसुद्धा आम्ही याच तत्त्वावर केला. मी पुढे बघत राहिलो आणि मुलाची फी, गॅसचा नंबर, माझ्या आईची औषधं हे सगळं मागचं सुमनने बघितलं.

नोकरीसाठी भुसावळहून झाशीला आलो तो इथलाच झालो. रिटायर झाल्यावर नगरा मोहल्ल्यातल्या घरापुढे गाडी उभी राहिली पाहिजे असं मनात घेतलं आणि आम्ही दोघं एकाच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊ लागलो. सुमन पहिल्याच परीक्षेत पास झाली. मी तिसऱ्या. (तिसऱ्या खेपेला परीक्षकच कंटाळला होता, असं सुमनचं मत आहे.) तरीही चावी माझ्याच खिशात राहिली. ड्रायव्हर घरात असताना गाडी गार्डने चालवायची, हे कुठल्या नियमात बसतं?

बरं, माझी चालवण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हरने बोट दाखवून तो मोठ्याने पुकारायचा आणि असिस्टंटने पुन्हा उच्चारायचा, असा नियम. तो मी इलाइट चौराह्यावरही पाळायचो.

"सिग्नल हिरवा!" मी बोट दाखवून ओरडायचो.

"हो, हिरवा. चला आता."

"असं नाही. नीट बोल. सिग्नल हिरवा!"

"अहो, मागचे लोक हॉर्न वाजवतायत!"

"मागचं मला सांगू नकोस. तू सिग्नल बोल!"

एवढ्यात तो तांबडा व्हायचा.

दिवाळीला पुण्याहून आमचा चिन्मय आला. मी त्याला मोठ्या हौसेने सिपरी बाजारपर्यंत नेलं. उतरल्यावर तो बराच वेळ एका खांबाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, मला सीरियसली डर लागतो. आता आई चालवेल." (झाशीत वाढलेल्या पोराचं मराठी हे असंच. पण भीती मात्र अस्सल होती.)

"चौतीस वर्षांत माझ्या नावावर एक अपघात नाही!" मी म्हणालो.

"रुळावरून कुठे जाणार होतात?"

हे ऐकून मी चिडलो. दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी सुमननेच तोड काढली. गाडीत कॅमेरा लावायचा आणि दर रविवारी चिन्मयला व्हिडिओ पाठवायचा. मी ताडकन कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'माझ्या चुकीने कोणालाही धक्का लागल्यास गाडीची चावी सौ. सुमन यांच्या ताब्यात देण्यात येईल.' खाली सही केली आणि फ्रिजवर लावून टाकला. लिहिताना मला किंचितही धाकधूक वाटली नाही, हे इथे नमूद करतो.

कॅमेऱ्याच्या दुकानात दुकानदाराने काचेवर दोन खोकी ठेवली. "बाबूजी, ये सिंगल है, ये डबल। डबल में आगे का भी, पीछे का भी।"

"पीछे का क्या करेंगे?"

"पीछे कुछ ठुक गया तो?"

"पीछे का ड्राइवर नहीं देखता भैया, पीछे गार्ड देखता है।"

दुकानदाराने काही न समजून सुमनकडे पाहिलं. सुमन म्हणाली, "अहो, घ्या की मागचाही. मागे घेताना तुम्ही कधी वळून बघता का?"

"तू असतेस ना मागे उभी!"

"आणि मी नसले तर?"

हा प्रश्न मला तेव्हा अगदीच बिनमहत्त्वाचा वाटला. मी सिंगल घेतला. तो आतलं-बाहेरचं सगळं बोलणंही टिपतो म्हटल्यावर तर मी खूशच झालो. म्हणजे माझे पुकारलेले सिग्नल पुराव्यासकट चिन्मयपर्यंत जाणार! दुकानदाराने आणखी एक सांगितलं, "कार्ड भर जाए तो पुराना अपने आप मिट जाता है।" ते मी कानाआड केलं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मिटवण्यासारखं काय असणार?

सहा महिने सगळं झकास चाललं. दर रविवारी मी निवडक व्हिडिओ पाठवायचो आणि चिन्मय अंगठा पाठवायचा. (त्यातले निम्मे व्हिडिओ गाडी सिग्नलला उभी असतानाचे असत. उभी गाडी मी फार सुरेख चालवतो.)

मे महिन्यातल्या त्या सकाळी भाजी आणायला बड्या बाजाराकडे निघालो होतो. उन्हाच्या आत परतायचं म्हणून घाई. गाडी अंगणात, तोंड घराकडे आणि पाठ गल्लीकडे.

"थांबा, कुकर लावते आणि येते मागे उभी राहायला," आतून सुमन म्हणाली.

"किती वेळ?"

"दोन मिनिटं!"

सुमनची दोन मिनिटं मी चाळीस वर्षं ओळखून आहे. मी निघालो. फाटकाबाहेर पडताना चाक कशावर तरी दणकलं. गल्लीत खड्डा पडला असणार, दुसरं काय! बाजारात उतरल्यावर लक्षात आलं, की भाजीची पिशवी आणि चष्मा, दोन्ही घरीच राहिलंय. चष्म्याशिवाय भोपळा घेतला, तो घरी आल्यावर कलिंगड निघाला.

परत आलो तर गल्लीत ही गर्दी! आमच्या बरोबर समोर दुबेजींचं घर. त्यांच्या भिंतीला टेकून त्यांच्या मुलीची, पिंकीची, नवी स्कूटर उभी असायची. ती आडवी पडलेली, दिवा फुटलेला, मडगार्ड आत गेलेलं. शेजारी रामसेवक दूधवाल्याची मोटरसायकल आणि तिच्यापाशी मान खाली घालून खुद्द रामसेवक. गेली वीस वर्षं तो आमच्या गल्लीला दूध घालतोय.

"आज से ये इस गली में नहीं आएगा!" दुबेजी गरजत होते. "बहुत हो गया!"

"कक्का, हमने नईं गिराई," रामसेवक काकुळतीने म्हणाला. "हम आए तो जा ऐसई परी हती।" म्हणजे तो आला तेव्हा ती अशीच पडलेली होती.

"तो अपने आप लेट गई? नींद आ रही थी इसको?"

मला रामसेवकचा चेहरा बघवेना. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात हा माणूस पावसात गुडघाभर पाण्यातून दूध घेऊन आला होता. मी रात्रपाळीला आणि सुमन एकटी असताना तोच रिक्षा बोलवायला धावला होता. त्याला गल्लीबाहेर काढणार? माझ्या डोळ्यांदेखत? मी गाडीतून उतरलो आणि हात वर केला.

"रुको, दुबेजी! मेरे पास सबूत है!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्याकडे एकदम कधी बघितलं नव्हतं. मी गाडीकडे बोट दाखवलं. "कैमरा! मैं जब निकला तब स्कूटर खड़ी थी या गिरी हुई, सब रिकॉर्ड है। दूध का दूध, पानी का पानी!"

"दूध में पानी तो ये मिलाता ही है," दुबेजी पुटपुटले, पण तयार झाले.

पिंकीने लॅपटॉप आणला. आमच्या ओसरीत खुर्च्या मांडल्या. सुमनने सगळ्यांना चहा केला, रामसेवकच्याच दुधाचा. मी दुबेजींना अगदी मधली खुर्ची दिली आणि रामसेवकला पाठीवर थोपटून शेजारी बसवलं. "घबराओ मत। कैमरा झूठ नहीं बोलता।"

पिंकीने कार्ड लावलं. पडद्यावर आमचंच घर. सुमनचा आवाज : "थांबा, कुकर लावते!" माझा आवाज : "किती वेळ?" मंडळी कौतुकाने हसली. मग माझा खणखणीत आवाज : "लाइन क्लिअर!" आणि घर हळूहळू लांब जाऊ लागलं.

"अंकल, आप पीछे जा रहे हो," पिंकी म्हणाली.

"हाँ, तो?"

"नहीं, ऐसे ही।"

एवढ्यात पडद्यावर दारातून सुमन धावत आली. हातात भाजीची पिशवी. त्यातच माझा चष्मा. पिशवी लालभडक! ती पिशवी डोक्यावर धरून जिवाच्या आकांताने इकडून तिकडे हलवत होती. रेल्वेत पहिल्या दिवशी शिकवतात, की रुळाजवळ कोणी तांबडं काहीही हलवलं, तर हातातलं सगळं सोडून गाडी थांबवायची. चौतीस वर्षं मी झोपेतसुद्धा तांबडं ओळखलं. आणि आता पडद्यावरून माझा प्रेमळ आवाज आला :

"टाटा गं!"

धाड! घर हललं. सुमन हलली. आकाश हललं. आणि त्यावर माझा तोच खणखणीत आवाज :

"खड्डा!"

दुर्दैवाने हा शब्द हिंदीतही चालतो.

दुबेजींनी कप खाली ठेवला. पडद्यावर कुकरची शिट्टी झाली तशी सुमन आत पळाली; गाडीआडची स्कूटर तिलाही दिसली नव्हती. पडद्यावरची गाडी वळली आणि पुढे निघाली. "एक खड्डा बुजवत नाहीत लेकाचे," असं म्हणत मी गल्लीच्या टोकाशी पोहोचलो, तेव्हा कुठे समोरून रामसेवकची मोटरसायकल आत वळली. त्याने मला हात उंचावून राम राम केला होता. मी त्याला सावकाश चालव असा इशारा केला होता!

"मेरी गाड़ी को गड्ढा बोल रहे हैं अंकल," पिंकी हळूच म्हणाली.

"मग पिशवी हलवत होते मी, ती काय आरती ओवाळत होते?" सुमन म्हणाली.

"मला वाटलं, तू टाटा करतेयस."

"चाळीस वर्षांत कधी दोन हातांनी टाटा केलाय मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलो आणि रामसेवकपुढे हात जोडले. "भैया, माफ़ करना। ग़लती मेरी, और सुनना तुमको पड़ा।"

त्याने माझे हात धरले. "अरे बाबूजी, आप तो हमें बचाबे आए ते!" म्हणाला आणि इतका वेळ आवरलेलं हसू त्याला फुटलं. मग दुबेजींनाही फुटलं. त्यांनी स्वतःची बशीतली खारी रामसेवकपुढे सरकवली, हा त्यांचा माफीनामा. स्कूटर दुरुस्त करून देण्याचं मी कबूल केलं, आणि तोवर पिंकीला रोज नोकरीवर सोडायचंही. "मैं छोड़ दूँगा" असं म्हणणार तोच पिंकी घाईघाईने म्हणाली, "आंटी छोड़ देंगी ना?"

सगळे गेल्यावर मी फ्रिजसमोर उभा राहिलो. माझंच अक्षर, माझीच सही. सुमन मागे येऊन उभी राहिली.

"चिन्मयला नका पाठवू हा," ती म्हणाली. "चार दिवसांत आपोआप पुसला जाईल. दुकानदार म्हणाला होता ना?"

खरं सांगतो, मोह झाला. ती चावी म्हणजे रिटायर झाल्यावर हातात उरलेली शेवटची ड्युटी होती. ती गेली की मी फक्त घरात बसलेला म्हातारा. सुमनला हे कळत होतं, म्हणून तर ती तसं म्हणाली. पण ज्या व्हिडिओने रामसेवकला सोडवलं, तोच पुसून मी गाडी चालवत राहायची, हे काही जमेना. मी व्हिडिओ पाठवला आणि चावी सुमनच्या हातात ठेवली.

अर्ध्या तासात फोन वाजला. मी बोलणी खायला कान पुढे केला. पलीकडे चिन्मयला हसण्याने बोलता येत नव्हतं. शेवटी कसाबसा म्हणाला, "बाबा, मी दहा वेळा बघितला. तुम्ही आईला टाटा काय केलात!" मग हसू आवरून, "पण पाठवलात हां तुम्ही." तेवढ्या एका वाक्यावर मी दोन पोळ्या जास्त जेवलो.

आता गाडी सुमन चालवते. पिंकीला बसायला पुढची सीट, मी मागे. गाडी मागे घ्यायची असली, की मी उतरून फाटकाबाहेर उभा राहतो, हिरवा रुमाल हलवतो आणि शिट्टी वाजवतो. वाटेत सिग्नलही पुकारतो, पण पुन्हा उच्चारायला कोणी तयार नाही.

परवा उन्हाने कॅमेऱ्याची चिकटपट्टी सुटली, म्हणून त्याच दुकानासमोर गाडी उभी केली. दुकानदाराने नवी पट्टी लावून दिली आणि सुमनला म्हणाला, "मैडम, अब तो पीछे वाला कैमरा भी ले ही लो।"

"पीछे वाला तो है, भैया," तिने मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "बस, आवाज़ बंद करने का बटन नहीं मिल रहा।"