न दाबता मावणारी डीव्हीडी

पोंभुर्ण्यात तेव्हा डीव्हीडीची कॉपी काढून देणारा एकच दुकानदार होता, आणि त्याच्याइतका ढ माणूस दुसरा नाही, असं माझं ठाम मत होतं. मी चंद्रपुरात सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता. तेवढ्यावर माणूस किती माजतो, ते आता कळतं.

डिस्क बाबांच्या नाटकाची होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावजत्रा भरते, गावोगाव नाटकं होतात. त्यात बाबा वर्षानुवर्षं खलनायक करायचे. शेवटच्या नाटकाचं मंडळाने शूटिंग करून घेतलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात बाबांच्या घशाचं ऑपरेशन होऊन आवाज कायमचा गेला. ऐकून लहान पोरं भोकाड पसरायची असा तो आवाज आता त्या एका डिस्कमध्ये तेवढा उरला होता. माय ती रोज दुपारी लावायची. लावून लावून डिस्क मधेच अडकायला लागली, म्हणून कॉपी काढायची ठरली.

दुकानदाराने डिस्क हातातही घेतली नाही. नाटक किती तासांचं, एवढंच विचारलं. तीन म्हटल्यावर म्हणाला, दोन तासांच्या वर गेलं की मावत नाही, व्हिडिओ दाबून लहान करावाच लागतो. अरे शहाण्या, हे तीन तासांचं नाटक आत्ताही एकाच डिस्कमध्ये आहे ना? साध्या डिस्कमधलं साध्या डिस्कमध्ये मावणार नाही तर जाणार कुठे? पायलीतलं धान दुसऱ्या पायलीत ओतायला ते आधी कांडावं लागतं का? घड्याळ बघून जीबी मोजणारा हा पहिलाच. मी त्याच्याच कॉम्प्युटरवर डिस्क घालून आकडा दाखवला: चार पॉइंट तीन. कोरी डिस्क चार पॉइंट सातची. तो हो भाऊ, हो भाऊ करत राहिला. मी डिस्क त्याच्याकडे ठेवून वरोऱ्याला कामाला गेलो.

तीन दिवसांनी येऊन बघतो तर पठ्ठ्याने दाबलीच होती. म्हणाला, "आमी समदेच दाबतो भाऊ. रिस्क कायले घ्याची?" बाबा जरा हलले की चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे. डोळे कुठले, मिशी कुठली, काही पत्ता नाही. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याची अशी काढली की विचारू नका. तो पुन्हा करून द्यायला तयार झाला, पण तेवढ्यात लाइन गेली. त्याची कॉपी मी काउंटरवर फेकली, तुझ्या म्हशीच्या गळ्यात बांध म्हणालो, आणि मूळ डिस्क घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे त्या दिवशी कामाच्या सगळ्या वस्तू पुजतात. पाटावर विळे, कुऱ्हाड, सायकलचा पाना, आणि त्यांच्यात मायने डिस्कही मांडली होती. चकचकीत बाजू वर करून, त्यावर पाणी शिंपडून हळदकुंकवाची पाच बोटं. मी आंघोळ करून आलो, ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. एवढं कसं कळत नाही, म्हणत मायवर ओरडलो, खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि घासघासून कुंकू पुसलं. गोल गोल, कणांसकट. हा कोर्स केलेला माणूस!

चकचकीत बाजूवर चरेच चरे उठले. त्यानंतर डिस्क नुसती फिरायची. टीव्हीवर काहीच उमटेना. माय पाटाशी बसून राहिली. बाबा माझ्याकडे बघत होते. मला शिव्या द्यायलाही त्यांच्याकडे आवाज नव्हता. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

दसरा उलटल्यावर मी खाली मान घालून दुकानात गेलो. काही सांगायच्या आतच दुकानदाराने खणातून ती कॉपी काढून पुढे ठेवली.

"फेकली नाई भाऊ. आवाज चांगला आला होता त्यात."

मी त्याच्याकडे बघूही शकलो नाही. दाबताना चित्र तेवढं दाबलं गेलं होतं, आवाज त्याने जसाच्या तसा ठेवला होता. चौकोन मोजण्याच्या नादात मी तो नीट ऐकलाच नव्हता.

घरी लावली. बाबांचा पहिलाच संवाद घरभर घुमला, पूर्ण, कुठेही न अडकता. बाबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलायला लागले. मी मायला सांगायला गेलो की चेहरा जरा खराब दिसतो, चूक माझीच आहे.

माय म्हणाली, "चेहरा त रोज घरातच दिसते. तू आवाज वाढव."