कोपरा गेलेला कागद

घडी घातलेला कागद उघडायच्या आधीच धाकटी सांगायची, आत काय झालंय ते. धाकटी म्हणजे माझी जाऊ, गव्हाणहून आमच्या पनवेलच्या घरात आलेली. मला तिचा हेवा वाटायचा. आता ती राहिली नाही, तरी वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

ती येईपर्यंत गणपतीचं मखर माझ्याकडे असायचं. पतंगाच्या कागदाच्या घड्या घालायच्या, कात्रीनं नक्षी कातरायची, उघडली की जाळी. उघडेपर्यंत माझा जीव टांगणीला. कधी फूल निघायचं, कधी उंदरानं कुरतडल्यासारखं काहीतरी. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत धाकटी शेजारी येऊन बसली, माझ्या हातातली घडी घेतली, कोपऱ्यांवर कात्री फिरवली आणि म्हणाली, "चार पानं येतील, मदी चांदनी." उघडलं तर तस्सं. आरतीला येईल त्याला सासरे ती जाळी दाखवत होते. माझी जाळी मखराच्या मागच्या बाजूला लागली, भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, गणपतीला तरी दिसली असेल.

एकदा न राहवून विचारलंच, तुला आधी कळतं कसं गं? तर म्हणे, "कागद इसरत नाय, बाय. आपुन इसरतो." मला ती बाय म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

साठ सालानंतरची गोष्ट. एका सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायला, म्हणजे ट्रेसर म्हणून, बायकांपैकी एकीला घेणार होते. परीक्षा बुद्धीची. आमच्या ह्यांनी कुठूनसे नमुन्याचे प्रश्न आणले आणि म्हणाले, दोघी बसा, सातवी दोघींची झालीय. माझा तर त्या जागेवर जीवच जडला. चुलीपलीकडे माझं म्हणून काहीतरी हवं होतं, जे कुणी भिंतीकडे तोंड करून लावणार नाही. धाकटी बसली ती माझ्या सोबतीला. तिचा नवरा, माझा धाकटा दीर, बोटीवर खलाशी. गेल्यापासून दोन ओळींचंही पत्र नव्हतं. घरात बसून वाट बघण्यापेक्षा प्रश्न बरे, असं तिचं म्हणणं.

त्यात कागदांचे प्रश्न होते. चौकोनी कागद असा दुमडला, पुन्हा तसा दुमडला, मग भोक पाडलं. उघडल्यावर कसा दिसेल, चार चित्रांतून ओळखा. मी रद्दीचे कागद दुमडून दाभणानं भोकं पाडत बसायची. धाकटी भाकऱ्या थापता थापता नुसती मान वळवून उत्तर सांगायची. वर मला शिकवायची, "शेवटची घडी आदी उघडायची, बाय. पहिलीला घाईनं हात लावाल तर गुंता झाला." पीठ लागलेल्या बोटानं ती हवेतच घडी उलटी उघडून दाखवायची, आणि इकडचं भोक तिकडे उमटलेलं मला खरंच दिसायचं. शिकले मी तिच्याकडूनच. पण रोज रात्री अंथरुणावर पडले की एकच विचार, हिला एखादं तरी न येवो.

परीक्षेत ती माझ्या पुढच्या बाकावर. एक प्रश्न असा होता, की कागदाची एक कड दुमडून भोक पाडलेलं आणि समोरच्या मोकळ्या कोपऱ्याला कात्री लावलेली. चारही चित्रांत एक कोपरा गेलेला, फरक फक्त भोकांच्या जागेत. मी खूण केली आणि पुढे गेले. धाकटीची पेन्सिल मात्र तिथंच थांबली होती.

घरी येताना तळ्याच्या काठानं चालत होतो. तिनं आपणहून सांगितलं की तो प्रश्न कोरा ठेवला. मी म्हटलं, अगं, तुला तर ते झोपेत आलं असतं.

"आला व्हता ना. पन कोपरा गेलेला कागद, बाय. माजा मानूस दर्यावर हाय."

आमच्याकडे माणूस गेल्याचं कार्ड कोपरा फाडून पाठवतात. फाटका कोपरा दिसला की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू. मी म्हटलं, वेडे, ते नुसतं चित्र होतं.

"चित्रच व्हता. पन खून माज्या हातानं झाली असती."

आमचे हेही त्या दिवशी भाताच्या खरेदीला जासईकडे गेले होते, खाडीच्या वाटेनं. मला ते चित्र बघून त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती.

एका गुणानं जागा मला मिळाली. धाकटीनंच आधी माझ्या तोंडात साखर घातली. दिवाळीच्या सुमारास दीर परतला, काळाठिक्कर पडलेला, पण धडधाकट. तो दारात पाय धुत होता तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बगा, बाय. माजा उत्तर बराबर आला का नाय?"

नोकरी मला लागली आणि हेवाही मीच करायचा, हा कुठला न्याय?

पुढे काही वर्षांनी आमचे हे गेले, अचानक. कार्डं लिहून झाली, आता कोपरे फाडायचे. धाकटीनं तो गठ्ठा माझ्यापुढून ओढून घेतला. ज्या बाईनं चित्रावर साधी खूण केली नव्हती, ती भिंतीला टेकून एकेका कार्डाचा कोपरा फाडत होती. मी नको म्हटलं, तुझ्या हातानं नको गं. ती म्हणाली, "तुमच्या हातानं तर नायच नाय."

सगळे तुकडे तिनं पदरात गोळा केले. बाहेर ओटीवर तिचा माणूस बसला होता. त्याचा खोकला आत ऐकू येत होता. तेव्हासुद्धा मला तिचा हेवाच वाटला.