सूर्यभानचा पहिला नंबर

अन्सारचं दुकान दिसलं की सूर्यभानचं पोट दुखायचं, हे अख्ख्या जठारपेठेला माहीत होतं. दोघांचीही व्हिडिओ गेमची दुकानं, समोरासमोर. कापसाचे भाव पडले, बार्शीटाकळीकडून बाजाराला येणारी पोरं आटली, तशी सूर्यभाननं मशीन भंगारात घातली अन् मोबाईल रिचार्जचं दुकान टाकलं. अन्सार मात्र जुन्या मशीन गोळा करत बसला. खेळाची चिप सडायला लागली की त्या खेळाची नक्कल दुसऱ्या चिपवर करून ठेवायचा. लोक त्याला येडा म्हणायचे, तेव्हा सूर्यभानला जेवण गोड लागायचं.

अन् एक दिवस पेपरात अन्सारचा फोटो! ‘जुने खेळ जपणारा अकोलेकर’. सूर्यभानच्या अंगाचा तिळपापड झाला.

"धंद्यात आधी आलो मी, अन् फोटो याचा?"

"कावून जळून राहिले?" बायको मनकर्णा म्हणाली. "एकडाव पाहून तं या, काय ठेवलं हाय त्यानं."

"त्याची पायरी चढू मी? हट!"

वकिलाकडं मात्र गेला. वकील म्हणाला, खेळ बनवणारी कंपनी बुडाली तरी कॉपीराइट बुडत नाही. नक्कल ती नक्कलच. बस्स, सूर्यभाननं ठाण्यात तक्रार ठोकली.

जप्तीच्या दिवशी मात्र गडी मिशीला पीळ देत ती पायरी चढला. लोडशेडिंग चालू होतं, दुकानात अंधार. एकच मशीन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सुरू. हिरवा ऑइलपेंट, खाली लाथेचा पोचा. अरे, ही तर त्याचीच! पडद्यावर सगळ्यात जास्त गुण घेणाऱ्यांची नावं, अन् सगळ्यात वर सूर्यभान.

"भंगारवाल्याकडून आणली, भाऊ," अन्सार म्हणाला. "नावं धरून ठेवणारा आतला सेल मरून राहिला होता. बंद केली का तुमचं नाव गेलं. म्हणून कधी बंदच नाई केली."

हवालदारानं वायरीला हात घातला.

"थांबा साहेब! तक्रार वापस घेतो मी!"

"आता? तुमीच तं बोलावलं आमाले," म्हणत त्यानं वायर ओढली. पडदा काळा झाला.

अन्सारनं बाहीनं डोळे पुसले. नाव गेलं माझं, अन् रडायचा मानही यालेच, एवढंच मेल्या सूर्यभानच्या मनात आलं.