चढणीवरचा बाक

खुंटीमास्तरांनी उभ्या आयुष्यात लाकडात खिळा ठोकला नाही. लाकडाने लाकडालाच धरून राहावं, हा त्यांचा हट्ट. दोन फळ्या एकमेकींत बसवायच्या, आरपार भोक पाडायचं आणि त्यात हाताने तासलेली खुंटी ठोकायची. ती खुंटी त्या एकाच भोकाची. दुसऱ्या भोकात जाईल तर शपथ! त्यावरून हे नाव पडलं, आणि खरं नाव बायको आणि टपालवाला सोडून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

तरुणपणी ते एका फर्निचरच्या कारखान्यात होते. एक दिवस मालक म्हणाला, खुर्च्या खिळ्यांवर उरका, घाई आहे. मास्तरांनी हत्यारं पिशवीत भरली आणि सरळ घर गाठलं.

"अहो, आज लवकर?" बायकोने विचारलं.

"आज कायमचाच."

तिने तिथल्या तिथे हात जोडले. "देवा, ह्यांना अक्कल दे. पण फार नको देऊ, आत्ताच कुणाचं ऐकत नाहीत."

पुढे देवाने दोघांचं नीट निभावलं. मास्तर सकाळी काम करत आणि दुपार कलली की रंधा पुसून ठेवत. घरात एक पलंग, एक टेबल, कपड्यांची एक पेटी, बस्स. झाडायला अर्धी घटका पुरे, असं बायको कौतुकाने सांगायची. कुणी म्हटलं, "मास्तर, दुपारीही काम घ्या की," तर म्हणत, "घेतो. मग अक्काबरोबर चहा तू पिणार का?"

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. ऐंशी उलटलेली, आणि सत्तरीच्या भावाला अजून बाळ्या म्हणणारी. ती राहायची उताराच्या तळाशी, मास्तर चढणीच्या माथ्यावर. रोज दुपारी ती काठी टेकत निघे, छापखान्याच्या भिंतीजवळच्या वळणावर एक बाक होता त्यावर टेके, गुडघ्यांना चार शिव्या देई आणि उरलेला चढ चढून येई. आली की दारातूनच ओरडे, "आधण ठेवलं का ग?"

आणि एका सकाळी तो बाक नाहीसा झाला. नुसता तोच नाही, शहरातले सगळेच. बसून राहणाऱ्यांमुळे रस्त्याची शोभा जाते, असं नगरपालिकेच्या कार्यालयाच्या हुकमात लिहिलं होतं. त्या दुपारी अक्का वळणापर्यंत आली, भिंतीला धरून उभी राहिली, पुढचा चढ पाहिला आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती निघालीच नाही.

मास्तर खाली गेले. "अक्का, उद्यापासून मीच येतो."

"तू आलास तर तू आलास. मी कुठे आले?"

"मग खुर्चीत बसवून दोघं जण उचलून नेतो."

"म्हणजे मी सामान झाले! अरे, मी माझ्या पायांनी येते म्हणून पाहुणी. ज्या दिवशी उचलून नेशील ना, त्या दिवशी सरळ पलीकडेच पोचव."

मास्तर घरी येऊन पलंगावर बसले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं नसल्या की चहासुद्धा कोमट लागतो. बसलात काय? फळ्या आहेत ना मागे?"

दोन दिवसांत बाक झाला, वळणावर मांडलाही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का दारात. "आधण ठेवलं का ग?" बायकोच्या हातून बशी फुटली, पण हसण्यावारी गेली.

आठवड्याने कार्यालयाची हातगाडी आली. बाक लांब आणि गाडी आखूड. माणसांनी ओढलं, ढकललं, एकाचं बोट चेंगरलं. मास्तरांना ते बघवेना. "अहो, असं पिळू नका त्याला, सांधा दुखेल!" लाकडी हातोडा आणून त्यांनी खुंट्या टकटक काढल्या, फळ्या सुट्या केल्या आणि स्वतःच्या हाताने गाडीत रचून दिल्या. माणसं गेली आणि मास्तर दुसऱ्या बाकासाठी लाकूड तासायला बसले.

दुसराही गेला. या वेळी गाडीवाल्यांनी खालूनच हाक मारली, "मास्तर, हातोडा घेऊन या हो!"

मग चौकशीचं पत्र आलं. येताना हातोडा आणावा, असंही त्यात होतं. मास्तरांना काही उमगेना. कार्यालयात गेल्यावर कारकून कानाशी लागला. "मास्तर, साहेबांसमोर पुरावा उभा करून दाखवावा लागतो. दोन्ही बाकांच्या फळ्या आणि खुंट्या एकत्र झाल्या. आम्ही चार दिवस झटतोय. एकदा तर टेबल तयार झालं."

"म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा मीच जोडायचा?"

"तुमच्याशिवाय कोण जोडणार?" कारकून अगदी काकुळतीला आला.

मास्तरांना खो खो हसू आलं. ते व्हरांड्यातच मांडी घालून बसले. एकेक खुंटी बोटांत फिरवून ते म्हणत, "ही पहिल्याची. ही दुसऱ्याची. हिला कुणी दगडाने ठोकलंय? लाज वाटायला हवी." तासाभरात दोन्ही बाक उभे राहिले. व्हरांड्यात सकाळपासून ताटकळलेली माणसं त्यावर जी बसली, ती नाव पुकारलं तरी उठेनात.

साहेब अंगाने भरलेले, बोलायला गोड. आत बोलावून म्हणाले, "मास्तर, भांडण मिटवू. पुन्हा बाक ठेवणार नाही असं लिहून द्या. कागद फायलीत जाईल, तुम्ही घरी जा."

"साहेब, चुकलो असतो तर आपण होऊन लिहून दिलं असतं. मी बाक केलाय, चूक नाही केली."

"हुकूम मोडलात ना?"

"मोडला. उजेडी मोडला, सगळ्यांदेखत मोडला. त्याची काय शिक्षा असेल ती द्या, मी पळून जात नाही. पण अक्काने चढ चढायचा की नाही हे तुमच्या कागदाने कसं ठरणार? ते तिच्या गुडघ्यांनी ठरवायचं. तिसऱ्याच्या फळ्या तासून तयार आहेत, बाक उद्याही होईल."

साहेबांचा आवाज चढला. "मग बसा संध्याकाळपर्यंत इथेच, अडकवून ठेवलंय असं समजा! उद्या स्थळ पाहून काय ती कारवाई करतो."

"बसतो की," मास्तर म्हणाले आणि व्हरांड्यात आपल्याच बाकावर जाऊन बसले. नुसतं बसवेना, म्हणून कार्यालयातलं एक डुगडुगतं स्टूल मागून घेतलं, त्याला पाचर मारली, मग अडकणारा एक खण सरळ केला. संध्याकाळी कारकून म्हणाला, "मास्तर, सुटलात. पण उद्याही अडकाल का? कपाटाचं दार राहिलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर तिसऱ्या बाकाच्या फळ्या खांद्यावर घेऊन वळणावर उतरले. पाहतात तर छापखान्याच्या भिंतीला टेकून, फाईल छातीशी धरून साहेब उभे. मोटार वर येत नाही म्हणून पायी आले होते. तोंड लालबुंद, श्वास भात्यासारखा. डोळे इकडेतिकडे काहीतरी शोधत होते, आणि काय शोधत होते ते मास्तरांना न सांगता कळलं.

त्यांनी खांद्यावरून फळ्या उतरवल्या, एकीत एक बसवल्या, टक, टक, टक. शेवटची खुंटी बसली तसं त्यांनी बाक हाताने पुसला.

"साहेब, हा तिसरा गुन्हा. तुमच्या डोळ्यांदेखत."

साहेबांनी बाकाकडे पाहिलं. मग चढाकडे. मग धप्पकन बसले. दम खाऊन फाईल गुडघ्यावर उघडली आणि विचारलं, "मास्तर, लेखणी आहे?"

मास्तरांनी कानामागची पेन्सिल दिली. साहेबांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "स्थळ पाहिले. या वळणावर बाक आवश्यक आहे. असलेला बाक हलवू नये."

"आणि आधीचे दोन?" मास्तरांनी विचारलं.

साहेब ओशाळले. "ते... व्हरांड्यातली माणसं सोडत नाहीत हो."

"असू द्या. महिन्यातून एकदा खुंट्या बघून जाईन."

इतक्यात खालून काठीची टकटक ऐकू आली. मास्तर आज बाक मांडणार हे सकाळीच खाली कळलं होतं. अक्का धापा टाकत वळणाशी आली, बाकाच्या मधोमध पसरलेल्या त्या भल्या गृहस्थाकडे तिने आपादमस्तक पाहिलं आणि काठीने फळीवर ठोकलं.

"सरका हो जरा. आणि बाळ्या, उभा काय राहिलास? वर जाऊन सांग तिला, आज एक कप जास्त."