अक्कांच्या नाटकातला नवरा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वेलचेरीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट आता विवाहित पुरुषांसाठी निर्धोक झाली आहे. वरच्या मजल्यावरच्या अक्का गेल्या पावसाळ्यात वारल्या. लिफ्ट इतकी निर्धोक झाली, की मला तिच्यात करमत नाही.

अक्का तमिळमध्ये बायकांच्या बंडाच्या कादंबऱ्या आणि नाटकं लिहीत, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल लिफ्टमध्ये गोळा करत. नवी नवरी दिसली की तिच्या नवऱ्यादेखत विचारत, "घरात तुझी म्हणून एक खुर्ची आहे का गं?" एका बिचाऱ्याने त्याच संध्याकाळी खुर्ची आणली. अक्का तपासायला गेल्या, तर तिच्यावर सासूबाई! त्यातून अख्खी कादंबरी निघाली. नाटकांत त्यांचा दंडक असा, की रंगमंचावर कॉफी पुरुषानेच करायची, तीही खरी, फिल्टरची. आणि फिल्टरमधून डिकॉक्शन थेंबथेंब उतरेपर्यंत त्याला संवाद नाही. "तेवढा वेळ तरी ऐकून घेईल मेला!"

पण अक्का मूळच्या तंजावरी मराठी घरातल्या. धाकटी बहीण गेल्यापासून ती जुन्या वळणाची घरची मराठी बोलायला त्यांना कुणी उरलं नव्हतं. म्हणून शेवटचं नाटक त्यांनी त्या भाषेत लिहिलं आणि नवरा म्हणून मला, पुण्याच्या माणसाला, धरलं. माझं बोलणं ऐकून त्या कळवळत. "अय्यो तंबी, हे ऑफिसातलं मराठी! जरा तुमच्या पणजीसारखं बोला." मग हळूच म्हणत, "एकाला तरी घरचं वाटलं पाहिजे हो. एकाला तरी."

प्रयोगाला आली ती शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपन्यांतली मराठी मुलं आणि अक्कांचे तमिळ वाचक. विनोद आले नि गेले, कुणी हसेना. मी स्टोव्हपाशी मुका उभा. विंगेत अक्का, हातातली संहिता विसरून, अंधारातल्या प्रेक्षकांकडे पाहत होत्या. गाडीतून आपलं माणूस उतरतंय का, हे फलाटावरून पाहावं तशा.

अखेर नायिका उंबऱ्याशी थांबली. "मी गेलें तर मज कोणी पुसेल काय?"

अक्कांनी मान खाली घातली. तेवढ्यात, सुनेने हाताला धरून आणलेली एक म्हातारी मागच्या रांगेत ताडकन उठली आणि अक्कांच्याच भाषेत ओरडली, "जा गे पोरी, जा! मीं थांबलें, मज कोणीं पुसलें?"