पडद्यावर आईचे ओठ हलत होते

पडद्यावर माझी आई आली आणि हॉल हसला.

गिरगावातलं आमचं कॉलेज. शनिवारची दुपार. खिडक्यांना काळी कापडं लावून अंधार केलेला. मागं प्रोजेक्टर घरघरतोय. पडद्यावर एक बाई गटाराकाठी उकिडवी बसलेली, हातात हंडा. तिनं वर बघितलं. ओठ हलले. एक हात पुढं केला आणि मग पदर तोंडावर ओढून घेतला. आवाज तिचा नव्हता. आवाज एका पुरुषाचा होता, इंग्रजीत, खर्जातला, गोड. तो सांगत होता : ही अडाणी स्त्री घाबरली आहे. हे यंत्र आपला प्राण ओढून घेईल, असं तिला वाटतं.

हॉल हसला. दुष्टपणानं नाही. लहान मूल धडपडलं की मोठी माणसं हसतात, तसा. तेच जास्त लागलं.

माझ्या शेजारची मुलगीही हसली. मी आधी पदर ओळखला, मग हात, मग आई. आपली आई अशी तुकड्या-तुकड्यानं ओळखावी लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दिवे लागले. सर पुढं आले. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक. कॉलेजात त्यांनी अनुबोधपट मंडळ काढलं होतं. फिल्म झाली की एकेका विद्यार्थ्यानं उठून आपले विचार मांडायचे, अशी पद्धत. सरांची नजर हॉलभर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"आज तुम्ही बोला. परळच्या तुम्ही. हे तुमच्याच लोकांचं चित्र आहे. घाणीतलं जगणं तुम्हाला जास्त ठाऊक."

मी उभी राहिले.  कोऱ्या पडद्याकडंच बघत राहिले. सर म्हणाले, "बसा. संकोच वाटणं साहजिक आहे."

साहजिक. मी बसले.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. परळला गिरणीच्या भिंतीला लागून आमची चाळ. बाबा साच्यावर, म्हणजे मागावर, आई सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. कॉलेजात जाणारी आमच्या माळ्यावरची मीच पहिली. वर्गात माझं आडनाव घेतलं की मागचे दोघं-तिघं वळून बघायचे. माठातलं पाणी मी प्यायले की एक मुलगी पेला धुऊन ठेवायची. न बोलता, अगदी सभ्यपणानं.

अशा ठिकाणी मला एकच गोष्ट आवडायची, ती म्हणजे शनिवारच्या या फिल्म. गोष्टींच्या सिनेमात आमच्यासारखी माणसं ट्रे घेऊन येतात आणि जातात. इथं अख्खा पडदा भरून एका खाणकामगाराची मान दिसायची, काजळीनं माखलेली. पूल बांधणाऱ्यांचे हात दिसायचे. कुठल्याशा बर्फाच्या देशातली म्हातारी पाव भाजताना दिसायची, घाई नाही, लाज नाही. ते बघताना मी ताठ बसायची. मला वाटायचं, इथं कुणी नटत नाही. इथं खोटं चालत नाही. सरही म्हणायचे, "कॅमेरा खोटं बोलत नाही." मी ते खरं मानलं होतं.

त्या शनिवारी आईच्या फिल्मच्या आधी एक बातमीपट दाखवला होता. त्यात शहरातल्या मोर्चाचं चित्र होतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. भिंती घोषणांनी रंगलेल्या. गोळीबारात गेलेल्यांची नावं घराघरात माहीत. आणि बातमीपटातला आवाज म्हणत होता, हे गुंड आहेत. तेव्हा मंडळाचा चिटणीस श्रीकांत उठून उभा राहिला. गिरगावातल्या जुन्या घराण्यातला मुलगा, कोटावर चळवळीचा बिल्ला. तो अंधारात मोठ्यानं म्हणाला, "खोटं आहे हे." सगळा हॉल टाळ्या वाजवत सुटला. मीही वाजवल्या. त्या मोर्चात माझी आई गिरणीच्या बायकांबरोबर होती.

पुढच्या रिळावर तीच आई आली आणि श्रीकांतही हसला.

घरी गेले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी दप्तरही ठेवलं नाही.

"आई, चाळीच्या मागं कुणी फोटो काढायला आले होते? फिरत्या फोटोचे?"

"आलं होतं की. थंडीत. टोपीवालं दोघं न् एक साहेब." तिनं सूप खाली ठेवलं. "का गं?"

मी सांगितलं. सगळं नाही. हसण्याचं गाळलं होतं. तिनंच विचारलं.

"हसली माणसं?"

"हो."

"कुठं?"

"तू पदर ओढलास तिथं."

तिनं सूप बाजूला सारलं. मग एकेक सांगू लागली. साहेब म्हणाला होता, वस्तीला जादा नळ पायजेत, ते वर दाखवायचंय. म्हणून ती तयार झाली. नव्या लुगड्यात आली तर म्हणाले, जुनं नेसून या. पायातल्या वहाणा काढायला लावल्या. ती नळाकडं निघाली तर म्हणाले, तिथं उजेड नाही, इथं बसा, आणि गटाराच्या डबक्यापाशी बसवलं. हंडा बुडवा म्हणाले. तिला वाटलं, घासायला बुडवतात तसा बुडवायचा. मग साहेब म्हणाला, बाई, जरा केविलवाणं बघा.

"तवा मला कळलं," आई म्हणाली. "हे नळ दाखवायला आलेलं नाय. मला भिकारीण दाखवायला आलंत."

"मग?"

"मग काय? वर बघून सांगितलं त्यांना. बंद करा ते. हे पाणी मी पीत नाय. आमच्यात नळ हाय. माझं तोंड घेऊ नका. हात आडवा केला, तरी थांबंनात. मग पदर घेतला."

मी भिंतीला टेकले. पडद्यावर हललेले ओठ मला पुन्हा दिसले. ती घाबरली नव्हती. ती नाही म्हणत होती. तिचं नाही त्यांनी तसंच ठेवलं, फक्त त्यातला आवाज काढून टाकला आणि रिकाम्या तोंडात आपले शब्द भरले. आणि भरले ते तरी कुठले? यंत्र प्राण ओढून घेईल म्हणे. आदल्या वर्षी आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. देव, ताईत, अंगारे, सगळं आईनं स्वतःच्या हातानं घराबाहेर काढलं होतं. शेजारीण तापातल्या पोराला मांत्रिकाकडं न्यायला निघाली तेव्हा हिनं तिचा हात धरून तिला दवाखान्यात नेलं होतं. आणि त्या बाईला ते अडाणी म्हणाले.

सोमवारी मी सरांना गाठलं. सांगितलं, फिल्ममधली ती बाई माझी आई आहे.

सरांचा चेहरा फुलला. "तुमच्या आई? अरे वा. मग तर योगच आला. येत्या शनिवारी फिल्म पुन्हा आहे, ती करणारे गृहस्थ स्वतः येताहेत. आभार तुम्हीच माना. फार छान दिसेल."

"सर, ती घाबरली नव्हती. ती त्यांना थांबा म्हणत होती. ते खोटं आहे."

"असं बघा," सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "निवेदन कवितेसारखं असतं. शब्दशः घ्यायचं नसतं. मोठं सत्य सांगायला बारीकसारीक बदल करावे लागतात. आणि आईंना आणू नका. इंग्रजी आहे, त्यांना कळायचं नाही. उगीच अवघडतील."

माझी आई म्हणजे बारीकसारीक बदल.

बाहेर व्हरांड्यात श्रीकांत भेटला. त्यालाही सांगितलं. म्हटलं, "बातमीपटाला तू उठलास. मग याला का हसलास?"

तो ओशाळला, पण म्हणाला, "ते वेगळं गं. ते राजकारण होतं. ही साधी आरोग्याची फिल्म. आणि आत्ता मराठी माणसानं एकी ठेवायची वेळ आहे. असल्या गोष्टी कशाला काढायच्या?"

काळाचौकीच्या सभेत हाच श्रीकांत "कामगार भगिनींनो" म्हणाला होता. समोर बसलेल्या भगिनींत माझी आई होती. मोर्चात आम्ही मराठी. पडद्यावर आम्ही घाण. आणि एकी ठेवायची ती आम्ही, गप्प बसून.

शनिवारी सकाळी मी आईला विचारलं, येतेस का.

"मी कशाला येऊ?" आई म्हणाली. "मी हायच की तिथं. तू जा."

हॉल भरला होता. पाहुणे पुढच्या खुर्चीत. पांढरा सूट, हातात पाइप, बोलणं मऊ. सरांनी माझी ओळख करून दिली, "याच वस्तीतली आमची हुशार विद्यार्थिनी." पाहुणे हसून म्हणाले, "व्हेरी गुड." मला पुढंच बसवलं, आभारासाठी.

दिवे गेले. फिल्म सुरू झाली. गल्ल्या आल्या, उंदीर आला, शेंबडी पोरं आली.   मनात एकच होतं, आता गप्प राहिले तर जन्मभर राहीन.

आई आली. उकिडवी बसली. वर बघितलं. ओठ हलायला लागले आणि मी उभी राहिले. माझं डोकं प्रोजेक्टरच्या झोतात आलं, त्याची सावली आईशेजारी पडली. त्या इंग्रजी आवाजावर आवाज चढवून मी मराठीत बोलले. आई बोलली होती तसं, तिच्या भाषेत.

"बंद करा ते. हे पाणी मी पीत नाय. आमच्यात नळ हाय. माझं तोंड घेऊ नका."

कुणी हसलं नाही. फिल्ममधला तो पुरुषी आवाज चालूच होता, प्राण, यंत्र, अडाणी. पण आता तो कुणाला ऐकू येत नव्हता. मी पुन्हा म्हटलं. तेच शब्द. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, खाली बस." दिवे लागले. रीळ थांबलं.

सर माझ्याजवळ आले. "बसा."

"नाही."

"तुम्हाला आभार मानायचे होते."

"ती माझी आई आहे. ती जे बोलली ते मी सांगितलं. तुमच्या फिल्ममध्ये ते राहून गेलं होतं."

पाहुण्यांनी पाइप तोंडातून काढला. सरांना इंग्रजीत म्हणाले, "मुलगी भावनेच्या भरात आहे. तिला बाहेर वाऱ्यावर जाऊ दे."

मला इंग्रजी येतं, हे ते विसरले होते. मी इंग्रजीतच म्हटलं, "मी भावनेच्या भरात नाही. तुम्ही तिला जुनं लुगडं नेसायला लावलंत की नाही? वहाणा काढायला लावल्यात की नाही? एवढंच सांगा."

पाहुण्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी हात वर करून प्रोजेक्टरवाल्याला खूण केली. दिवे पुन्हा गेले, फिल्म पुढं चालू झाली, नगररचना, स्वच्छता, उज्ज्वल उद्या. मी बसले नाही. ती संपेपर्यंत उभी राहिले. श्रीकांत समोरच्या भिंतीकडं बघत होता. या खेपेला टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

सोमवारी सरांनी बोलावलं. पाहुण्यांचा अपमान झाला, माफी मागा, नाहीतर मंडळातून नाव कमी होईल. मी म्हटलं, "आधी त्यांनी माझ्या आईची मागावी." नाव कमी झालं. पुढं शनिवारी काळी कापडं लागायची आणि मी जिन्यावर पुस्तक घेऊन बसायची. आतली घरघर ऐकू यायची. मला फिल्म बघायच्या असायच्या, हे खोटं कशाला सांगू? त्या खाणकामगारांची, त्या म्हातारीची आठवण यायची. वाटायचं, तिथंही आवाज कुणा दुसऱ्याचाच होता. ती माणसं खरं काय बोलत होती, कोण सांगणार?

महाराष्ट्र राज्य झालं. गिरगावात, लालबागला रोषणाई झाली. श्रीकांतनं वर्गात पेढे वाटले, मलाही दिला. मी घेतला, तो लढा माझ्या आईचाही होता. पण त्याच वर्षी माझ्या मावसभावाच्या शाळेत ती फिल्म दाखवली. आता मराठी आवाजात. आई अजून अडाणीच होती. राज्य आपलं आलं, निवेदन तेच राहिलं.

म्हणून मी ठरवलं ते ठरवलं. आम्हाला दाखवायचं तर दाखवा, पण आमचं बोलणं कापून नाही. कापलंत तर मी उठणार. सभा असो, वर्ग असो, कुठलाही हॉल असो, पाहुणे कितीही मोठे असोत. मला मंडळात घ्या, काढा, बाहेर वाऱ्यावर पाठवा. आमच्या नावावर खपवलेल्या प्रत्येक खोट्याला मी भरल्या हॉलात खोटं म्हणणार. आणि बसा म्हणालात तर बसणार नाही.